नवीन व्यवसायाची पत शून्यातून कशी उभी करावी? अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातून काही घेता येईल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा कारखाना सुरू होऊन वर्षही झालेले नाही, बँक मागचा व्यवहार दाखवा म्हणते, आणि कर्ज मिळाल्याशिवाय दाखवण्यासारखा व्यवहार तयार होत नाही. शिवाय स्वातंत्र्यानंतर कर्जात बुडालेल्या अमेरिकेची पत तिचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने दोनचार वर्षांत कशी सावरली हे तुम्ही वाचले आहे आणि त्यातले लहान उद्योजकाच्या उपयोगाचे काय, असे विचारता आहात. मी नोकरीतली बरीच वर्षे लघुउद्योगांचे कर्जप्रस्ताव तपासण्यात घालवली आणि हॅमिल्टनचा देशाच्या पतीवरचा अहवाल माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या देशाची अवस्था पाहा. ब्रिटनविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध चालवायला काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेने, कागदी नोटा छापल्या आणि १७८१ पर्यंत त्या जवळजवळ कवडीमोल झाल्या. फ्रान्सकडून, स्पेनकडून आणि ॲमस्टरडॅमच्या सावकारी पेढ्यांकडून कर्जे घेतली होती. सैनिकांना आणि शेतकऱ्यांना रोख पैशांऐवजी ‘पुढे देऊ’ असे कागद दिले होते. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे मागणी करू शके, राज्यांनी दिले तर दिले. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८१ मध्ये पुढे आला, पण त्याला सर्व राज्यांची संमती लागत होती आणि एकट्या ऱ्होड आयलंड राज्याच्या नकाराने तो अडला. १७८५ पासून फ्रान्सच्या कर्जावरचे व्याजही थकले. म्हणजे अमेरिकेची गत तुमच्यापेक्षा वाईट होती. तुमचा इतिहास कोरा आहे, तिचा खराब होता.

सप्टेंबर १७८९ मध्ये हॅमिल्टन पहिला अर्थमंत्री झाला. तिजोरीत काही नव्हते, तेव्हा त्याने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या बँकांकडून थोडी उचल घेऊन नव्या सरकारचा दैनंदिन खर्च चालवला. जानेवारी १७९० मध्ये सार्वजनिक पतीवरचा अहवाल त्याने काँग्रेसपुढे ठेवला. त्यात हिशेब असा होता: परकीय कर्ज सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर, देशातल्या लोकांचे थकलेल्या व्याजासह ४ कोटींहून जास्त, आणि राज्यांची वेगळी कर्जे अंदाजे अडीच कोटी. एवढी देणी एका जागी मांडून दाखवणे हेच पहिले मोठे काम होते. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी प्रस्तावांत नेमके हेच नसायचे. बँकेचे कर्ज लिहिलेले असे. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, कागदवाल्याची उधारी, मशीनच्या विक्रेत्याचे राहिलेले पैसे कुठेच नसत. तपासणीत ते बाहेर यायचेच, आणि मग अधिकाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडायचा.

आता ज्या मुद्द्यावर खरा वाद झाला तो. सैनिकांकडच्या त्या कागदांचे पुढे काय झाले? पोट जाळण्यासाठी अनेकांनी ते डॉलरला दहा-वीस सेंटच्या भावाने विकून टाकले. हॅमिल्टन म्हणाला, आज कागद ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण किमतीची फेड मिळेल. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातला सदस्य जेम्स मॅडिसन उभा राहिला आणि म्हणाला, हा अन्याय आहे, मूळ धारकाला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. मला आजही मॅडिसनचे म्हणणे माणुसकीचे वाटते. ज्यांनी थंडीवाऱ्यात लढाई केली त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही आणि शहरातल्या सट्टेवाल्यांचे उखळ पांढरे झाले, हे कुणी नाकारू नये. पण प्रतिनिधिगृहाने मॅडिसनचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३६ मतांनी फेटाळला, आणि पतीच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता. तो कागद हस्तांतरणीय म्हणूनच दिला होता. देणेकऱ्याने फेडीच्या दिवशी ‘तुला हा कागद किती रुपयांत मिळाला’ असे विचारायला सुरुवात केली, तर उद्या त्याचा कागद कोणी विकत घेणार नाही, आणि जो कागद विकता येत नाही त्यावर कोणी आधी पैसेही देणार नाही.

तुमच्या धंद्यात याचा अर्थ असा की कोणाचे पैसे द्यायचे हे त्या माणसाकडे बघून ठरवू नका. नवा उद्योजक बँकेचा हप्ता सांभाळतो, मोठ्या पुरवठादाराला घाबरून देतो, आणि टेम्पोवाला, गोंदवाला, वजनकाटेवाला यांना महिनोन्‌महिने फिरवतो, कारण ते काही करू शकत नाहीत. पण औद्योगिक वसाहतीत कोण कसा देतो ही माहिती चहाच्या टपरीवर रोज फिरत असते. नव्या पार्टीबद्दल चौकशी करायची झाली की आम्ही शेजारच्या कारखानदाराला आणि मालाच्या व्यापाऱ्यालाच विचारत असू.

हॅमिल्टनने सगळ्यांना सगळे दिले असा मात्र समज करून घेऊ नका. परकीय कर्जाच्या अटींना त्याने हात लावला नाही. देशातल्या कर्जावर मूळ करार ६ टक्क्यांचा होता. तेवढे व्याज सरकारला झेपणार नाही हे त्याने उघड सांगितले. ऑगस्ट १७९० च्या कायद्याप्रमाणे जुन्या मुद्दलाच्या दोन तृतीयांश भागावर लगेच ६ टक्के, उरलेल्या एक तृतीयांशावर तेच व्याज १८०१ पासून, आणि थकलेल्या व्याजाच्या रकमेवर ३ टक्के असे नवे रोखे मिळाले. युद्धकाळातल्या कागदी नोटांना तर १०० ला १ असा भाव दिला. तरीही बहुतेक लोकांनी जुने कागद देऊन नवे घेतले, कारण नवे व्याज कमी असले तरी ते दर तिमाहीला हातात पडणार याची खात्री वाटत होती. १७९१ सरेपर्यंत ६ टक्क्यांचे ते रोखे दर्शनी किमतीच्या वर विकले जाऊ लागले.

ही खात्री आली कुठून? नव्या राज्यघटनेने काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार दिला होता आणि जुलै १७८९ मध्येच आयात जकातीचा कायदा झाला होता. नंतर गाळलेल्या दारूवर अबकारी कर आला. त्यावरून १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झाले, तरी सरकारने कर मागे घेतला नाही. हॅमिल्टनच्या अहवालातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे तत्त्व असे की कर्ज उभे करतानाच ते फेडण्याचे साधनही ठरवून ठेवले पाहिजे. पत नंतर आली, उत्पन्नाची वाट आधी बांधली गेली. हॅमिल्टनवर बोलणारे बहुतेक लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात, या जकातीबद्दल बोलत नाहीत.

म्हणून तुम्ही बँकेत जाताना ‘मला अमुक लाख हवेत’ इथून सुरुवात करू नका. कोणता ग्राहक दरमहा किती खोके घेतो, पैसे किती दिवसांनी देतो, आणि त्यातून हप्ता कोणत्या तारखेला निघेल, हे दाखवा. तुमचे ग्राहक ६० दिवसांनी पैसे देत असतील आणि हप्ता दर ५ तारखेला असेल, तर मधल्या काळाची सोय काय हे आधीच सांगा. सगळी विक्री त्याच चालू खात्यातून फिरू द्या. जीएसटीचे विवरण आणि खात्यातली उलाढाल जुळली पाहिजे. रोखीने विकून कर वाचवणारा माणूस स्वतःच्याच कर्जाची मर्यादा कमी करत असतो.

इतिहास तयार करण्याचे काम लहान रकमेपासून करा. स्वतःच्या मुदत ठेवीवर छोटे ओव्हरड्राफ्ट घ्या, किंवा लहान धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतून कर्ज घ्या: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातले कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंतही मिळू शकते, म्हणजे योजनेची रचनाच पायरीपायरीची आहे. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी न्यासाच्या हमीखाली प्रस्ताव घ्यायला शाखेला सांगा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारकडची नोंदणी, केली नसेल तर आजच करा. ती मोफत आहे.

एकल मालकी असेल तर धंद्याचा पॅन आणि तुमचा पॅन एकच, त्यामुळे तुमच्या क्रेडिट कार्डाची किंवा दुचाकीच्या हप्त्याची चूक धंद्याच्या प्रस्तावात दिसते. भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी असेल तर तिचा पत-अहवाल वेगळा तयार होतो. तिथे सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी १ ते १० असा क्रमांक देते आणि त्यात १ सर्वांत चांगला. पण नव्या कंपनीत बँक प्रवर्तकांचे अहवालही पाहतेच. हप्ता एक दिवस चुकला तरी खात्यावर थकबाकीची पहिली खूण लागते, आणि ९० दिवसांहून जास्त राहिला की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरते. बँका ही माहिती आता सिबिलसारख्या कंपन्यांना महिन्यातून एकाहून जास्त वेळा पाठवतात, त्यामुळे ‘महिनाअखेरीला भरून टाकू, कोणाला कळणार’ हा जुना हिशेब चालत नाही. अडचण येणार हे दिसले की हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. आधी येऊन मुदत वाढवून मागणाऱ्याला मदत करणे आम्हाला शक्य असे. फोन बंद करून बसणाऱ्याला नसे.

राष्ट्र आणि कारखाना यांत एक मोठा फरक मात्र विसरू नका. हॅमिल्टनला व्याज भरायला नवा कर बसवता आला, तुम्हाला ग्राहकावर कर बसवता येत नाही. शिवाय देश आपले मुद्दल अनेक दशके पुढे ढकलू शकतो. अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज १८३५ मध्ये एकदा पूर्ण फिटले, तोवर पिढी बदलली होती. ‘मर्यादेतले राष्ट्रीय कर्ज वरदान ठरेल’ असे हॅमिल्टनने लिहिले होते, पण ते वाक्य घेऊन कोणी तुम्हाला गरजेपेक्षा मोठे कर्ज घ्यायला लावत असेल तर त्याचे ऐकू नका. खेळत्या भांडवलाच्या पैशातून मशीन घेणारे मी जेवढे पाहिले, त्यातले बरेच जण दुसऱ्या वर्षीच अडकले.

त्या पतीचा उपयोग काय झाला तेही सांगतो. १८०३ मध्ये लुइझियानाचा प्रचंड मुलूख फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेण्याची संधी आली. त्यातले १ कोटी साडेबारा लाख डॉलर अमेरिकेने ६ टक्क्यांच्या रोख्यांत दिले, आणि लंडनच्या बेअरिंग व ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी ते उचलले. तेव्हा अध्यक्ष होते थॉमस जेफर्सन, हॅमिल्टनच्या अर्थनीतीचे कडवे विरोधक. तेरा वर्षे वेळेवर भरलेल्या व्याजाचा हा फायदा विरोधकालाही मिळाला.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, की एक मोठा ग्राहक तीन-तीन महिने पैसे थकवतो. तुम्ही उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेले असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी त्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, नाहीतर चक्रवाढ व्याज लागते. मुदतीत न दिल्यास आयकरातही त्या खरेदीची वजावट त्याला पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि त्याच्या हिशेबनिसाला हे नम्रपणे लेखी कळवा. बँकेत प्रस्ताव टाकण्याआधी हे काम करा, कारण तुमचा हप्ता त्याच पैशातून जाणार आहे.