लिलावात जाऊ शकणाऱ्या गावच्या घरावर खर्च करावा का?

प्रश्न: वडिलांच्या गावच्या घरावर बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. कर्ज फिटेल असं वाटत नाही. पावसाळ्याआधी छपरावर खर्च करावा का? घरचे म्हणतात वेडेपणा आहे.

उत्तर:

"घरचे म्हणतात वेडेपणा आहे" हे वाचलं आणि लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचते.

करा. शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधी छप्पर नीट करून घेणं, ती तर कराच.

आमचं घर देपालपूरच्या पुढे, इंदूरहून तास-दीड तासावर. आजोबांनी बांधलेलं. मातीच्या दीड हात जाड भिंती, सागाच्या तुळया, वर कवेलू. (पुण्याकडचे कौलं म्हणतात. आम्ही चार पिढ्या माळव्यात, आमचं मराठी असंच.) बाबा गेल्यावर दादाने त्यावर कर्ज काढलं, बियाणं आणि फवारणीच्या पंपांच्या दुकानासाठी. सह्या आईची, दादाची आणि माझी. माझी कशी घेतली तो वेगळा विषय आहे. संक्रांतीच्या वाणाबरोबर कागद आले होते, एवढंच सांगते.

२०१८च्या फेब्रुवारीत तुमच्यासारखीच नोटीस आली. मेमध्ये बँकेची दोन माणसं येऊन पंचनामा करून गेली आणि ताब्याची नोटीस लईने, म्हणजे खळीने, दारावर चिकटवली. ते दार सागवानी. आई दर वैशाखात त्याला अळशीचं तेल लावायची. त्या वर्षीही लावलं. बोटाला फडकं गुंडाळून, नोटिशीच्या कडेकडेने. मी म्हटलं, "आई, अगं आता कशाला?" तर म्हणाली, "हळू बोल. कागदाला तेल लागलं तर अक्षरं फुटतील, मग ते परत येतील."

दादाचं म्हणणं एकच. जाणाऱ्या घराला कवेलू कशाला, तेच पैसे बँकेत भर. शाकारणीला अठ्ठेचाळीस हजार लागले, माझ्या खात्यातले. बँकेचं येणं सतरा लाखांच्या वर. अठ्ठेचाळीस हजार म्हणजे त्यावरचं तीन महिन्यांचं व्याजसुद्धा नव्हे. हे गणित मी त्याला त्याच ओसरीवर बसून कागदावर मांडून दाखवलं होतं. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहा मागितला.

मातीचं घर ज्याने सांभाळलं नाही त्याला हे कळत नाही. एक कवेलू घसरला की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, आत माती फुगत राहते, आणि एका रात्री भिंतच बसते. आमच्या शेजारचं घर वाटणीच्या भांडणात कुलूपबंद होतं. दोन पावसाळ्यांत त्याची उत्तरेची भिंत गल्लीत आली. त्यात आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगते, म्हणजे पायाही दरवर्षी थोडा हलतो. त्याने भिंतींना भेगा पडतात, त्या सिमेंटने बुजवू नका. सिमेंट मातीला धरत नाही, वर ओल आत कोंडते. भुसा आणि शेण घालून चार दिवस भिजवलेली भिंतीचीच माती वापरा. दादाने मागच्या भिंतीला सिमेंट मारलं होतं. पोपडा निघाला तेव्हा वाळवी आत वीतभर होती.

आणि आईला राहायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे माझ्याकडे होती, पण ती येत नव्हती. दारावर नोटीस लागली म्हणजे लगेच बाहेर काढतात असं नाही. तो कागदावरचा ताबा. घरातली माणसं आपणहून निघाली नाहीत तर खरा ताबा घ्यायला बँक बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडून हुकूम आणते. आमच्याकडे त्यात अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत एक पावसाळा होता, आणि आई त्यात कोरडी झोपली. याचा हिशोब दादाच्या वहीत कुठल्या खात्यावर पडतो ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

काकांनी वेगळाच सल्ला दिला होता: दारं, तुळया आधीच काढून विका. हे मुळीच करू नका. घराला जडलेली वस्तू तारणातच येते, आणि साठ दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून काही विकता येत नाही. घंगाळ, जातं, देव, पाळणा हे तुमचं. ते आधी हलवा, फोटो काढून. डागडुजीला आम्हाला कुणी अडवलं नाही. तरी मी बँकेला एक पत्र टाकून पोच घेऊन ठेवली होती.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण आम्ही इथेच झोपलो होतो. तुम्हाला आलेली नोटीस सरफेसीची, म्हणजे बँकांना तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याची. तिला साठ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी देणं उरलं असेल तर हा कायदा लागूच होत नाही. शेतजमिनीलाही नाही, पण खसऱ्यात (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) शेती लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, तिथे खरोखर शेती होते का ते कोर्ट बघतं. ताब्याची नोटीस लागली की पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मध्य प्रदेशाचं जबलपूरला आहे. आमचे पंचेचाळीस दिवस दादाच्या "बघतो"मध्ये गेले. आणि सगळी थकबाकी खर्चासकट भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी. २०१६च्या दुरुस्तीपासून हे असं आहे. वकील जुनं सांगत असेल तर वकील बदला.

लिलाव बावीस लाखांना गेला. येणं आणि खर्च वजा जाता जे उरतं ते कर्जदाराला परत द्यायचं असा कायदाच आहे, तो बँकेचा उपकार नव्हे. ते दादाच्या खात्यात आलं. मूल्यांकन करणाऱ्याने अहवालात "राहतं, छप्पर चांगलं" असं लिहिलं होतं. भिंत पडकी असती तर बावीस आले असते का? दादा म्हणतो, घेणाऱ्याने जागा घेतली, घर नव्हे. खरंय, त्याने दिवाळीनंतर जेसीबी लावला.

आता दादाची एक बाजू, नाइलाजाने. तुम्ही बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोलत असाल तर नीटनेटकं घर तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं. किंमत जास्त दिसली की बँक सूट द्यायला नाखूष असते. आमची बोलणी तिथेच फिसकटली असं तो म्हणतो. मला पटत नाही, पण अशक्य म्हणत नाही. तेव्हा तडजोड चालू असेल तर पाणी अडवा, रंगरंगोटी नको. आणि तुमचं घर स्लॅबचं असेल तर मी लिहिलेलं निम्मं सोडून द्या.

दाराचं राहिलं. पाडकाम घेतलेल्या ठेकेदाराकडून मी एक फळी विकत घेतली. इंदूरला माझ्या गॅलरीत उभी आहे. तेल लागलेलं लाकूड काळं पडलंय आणि मध्ये नोटिशीएवढा चौकोन फिका राहिलाय. कितीला घेतली ते दादाला माहीत नाही.

पावसाळ्याला किती दिवस उरलेत ते तुम्ही लिहिलं नाही. मे लागला असेल तर आधी शाकारणीचा माणूस गाठा. आमच्या पंचक्रोशीत दोनच उरलेत, आणि जूनमध्ये ते फोन उचलत नाहीत.