देवाला ‘तू’ म्हणताना

प्रिय सोनू,

प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर तू जे विचारलेस, त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे वाटले, म्हणून हे पत्र. तुझ्या तिथल्या मैत्रिणी मनातल्या शंका चर्चमध्ये बोलून दाखवायला घाबरतात आणि उत्क्रांती मानणारी मुलगी खरी ख्रिस्ती असूच शकत नाही, असे त्यांतली एक तुला म्हणाली. आपल्या मराठी भजनांत मात्र माणसे देवाला सरळ ‘तू’ म्हणतात, त्याच्यापाशी हट्ट धरतात, त्याला जाबही विचारतात. ही आपली रीत आहे की उद्धटपणा, आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आजोबांना ती कशी मानवली, असा तुझा प्रश्न होता.

आधी त्या ‘तू’विषयी. मी आजोबांना कधीही ‘अरे-तुरे’ केले नाही. आमच्या पिढीत वडिलांना ‘तुम्ही’च म्हणत. पण दर रविवारी त्यांच्याच शेजारी उभी राहून स्वर्गातल्या पित्याला ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. मराठीत ‘तू’ हा शब्द लहानांना जसा लावतात तसाच अगदी आतल्या माणसालाही लावतात, म्हणून वडील ‘तुम्ही’ असतात आणि आई ‘तू’ असते. वारकरी विठोबाला माउली म्हणतात आणि ‘तू’ही म्हणतात. ज्याला ‘तू’ म्हणता येते त्याच्यावर रुसता येते, त्याच्याशी भांडता येते. तुकोबा तर देव आपल्यापुरता मेला, असे म्हणण्यापर्यंत गेले, आणि ते अभंग कोणी गाथेतून काढून टाकले नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या पुलावरून अभंगाची चाल आली तसे हे भांडणही आले, असे मला वाटते. आजीच्या ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातली टिळकांची गीते तू ऐकली आहेस, त्यांतली जवळीक भक्ताला देवापुढे रडूही देते आणि अडूही देते.

बायबलात हे नाही असे कोणी म्हटले, तर त्याला स्तोत्रसंहिता उघडायला सांग. देवा, तू कुठे लपलास, किती काळ गप्प राहणार, हे प्रश्न तिथे पानोपानी आहेत. आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप एकाच श्वासात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला तूच आवर. त्याला येशू परत पाठवत नाही.

आता पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण शंका घेणाऱ्या बाईला आपल्या इतिहासात इतकी मोठी जागा आहे हे तुला तिथे कोणी सांगणार नाही. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लगेचच, ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. एका धर्मातल्या अधिकाऱ्यांचे जू फेकून आलेल्या बाईने दुसऱ्या अधिकाऱ्यांचे जू मानेवर का घ्यावे? पुढे त्यांनीच लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त नंतर. या दोहोंमधली वर्षे त्यांनी लपवली नाहीत. उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम हातचे सोडले नाही. ज्या ग्रंथाच्या अर्थावरून त्या इतरांशी भांडल्या होत्या, त्याच्या मूळ शब्दांपर्यंत त्या स्वतः गेल्या.

विज्ञानाबाबत आपल्या इतिहासातली एक गोष्ट मला सलते आणि ती तुला ठाऊक असावी. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या मिशनऱ्यांनी पुराणांतला मेरू पर्वत आणि दुधा-दह्याचे समुद्र खगोल आणि भूगोलाच्या आधाराने खोडून काढले, आणि लोकांना सांगितले की ज्या ग्रंथाचा भूगोल चुकतो त्याचा धर्मही खोटा. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला तेव्हा तीच कसोटी बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाला लागली. दुसऱ्याच्या ग्रंथाला एक माप आणि आपल्याला दुसरे, हे मला प्रामाणिक वाटत नाही. खरे म्हणजे ती कसोटीच चुकीची होती. उत्पत्तीत प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. सूर्यावाचून तीन दिवस कसे झाले, हा प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने तिसऱ्या शतकातच विचारला होता आणि ही वचने शब्दशः घ्यायची नाहीत असे उत्तरही दिले होते.

तुझ्या मैत्रिणीला ग्रेगोर मेंडेलचे नाव सांग. आनुवंशिकतेचे नियम ज्याने वाटाण्याच्या रोपांवरून शोधले तो ब्रनो येथील मठातला संन्यासी होता. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपसाहेबांनी या नव्या विश्वशास्त्रात निर्मात्याचा पुरावा दिसतो अशा अर्थाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. आपले समीकरण कोणी देवाच्या बाजूने साक्षीला उभे करावे, हे त्याला मान्य नव्हते. त्याच्या या आग्रहाबद्दल मला फार आदर वाटतो.

आजोबा मला कांद्याचा पापुद्रा दाखवत. उपासनेहून आल्यावर, अंगातला पांढरा सदराही न बदलता, ते कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचे पातळ साल चिमट्याने अलगद सोलत, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरत, वर आयोडीनचा एक थेंब टाकत, आणि सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून मला म्हणत, “बघ, घाई करू नकोस.” विटांसारख्या ओळींत पेशी दिसत आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. ‘ही देवाची करणी’ असे ते तेव्हा कधीच म्हणाले नाहीत. ते केंद्रक म्हणाले आणि वहीत त्याची आकृती काढायला सांगितली.

त्यांची श्रद्धा सूक्ष्मदर्शकाने कधी हलली नाही. ती हलली तुझा मोठा मामा सहा वर्षांचा होऊन मेंदूज्वराने गेला तेव्हा. मी नऊ वर्षांची होते. भेटायला आलेले एक पाळक म्हणाले की ही देवाची इच्छा. आजोबा उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “माझा मुलगा जंतूमुळे गेला. त्याचे खापर देवावर फोडू नका.” जंतू कसा वाढतो हे त्यांना ठाऊक होते, देव तेव्हा कुठे होता, हे त्या ज्ञानातून त्यांना कळत नव्हते, आणि ते कळत नाही हे त्यांनी आमच्यापासून लपवले नाही.

त्यानंतर ते चर्चला यायचे थांबले नाहीत. प्रभूची प्रार्थनाही म्हणत. पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की त्यांचे ओठ मिटत, आणि पुढे भाकरीच्या ओळीला ते पुन्हा सर्वांबरोबर येत. शेजारी उभी असल्यामुळे ती पोकळी मला दर रविवारी ऐकू येई. आजी ती ओळ थोडी मोठ्याने म्हणे, जणू दोघांच्या वाटची. असे वर्षाहून अधिक काळ चालले. कोणी त्यांना टोकले नाही, कोणी बाहेर काढले नाही. त्यांनी दानपात्र फिरवले, बायबलचे वाचनही केले.

मग एका रविवारी ती ओळ मला त्यांच्या आवाजात ऐकू आली, अगदी हळू, इतरांच्या किंचित मागून. मी वर पाहिले. ते समोर पाहत होते. काय बदलले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

तुझी,
आई