लेझरच्या आरशावर इथेच ॲल्युमिनियम चढवून घेतलं तर?

रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या १ किलोवॅट फायबर लेझरचा आरसा गेलाय आणि नवा महाग पडतोय, म्हणून हा विचार. नका करू.

या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण १०६४ नॅनोमीटर; तिथे ॲल्युमिनियम साधारण ९५ टक्के प्रकाश परत पाठवतं. ऐकायला बरं वाटतं, पण उरलेले ५० वॅट त्या थरातच मुरतात. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून काय ते समजा.

लेझरच्या चांगल्या आरशात बहुधा धातू नसतोच. काचेवर सिलिका आणि हाफ्निया म्हणजे हाफ्नियम ऑक्साइड (किंवा टँटलम ऑक्साइड) यांचे पारदर्शक थर एकाआड एक बसवतात. प्रत्येकाची जाडी पाव तरंगलांबी, पण त्या पदार्थातली. सिलिकासाठी १०६४ भागिले ४, मग भागिले १.४५ (सिलिकाचा अपवर्तनांक), म्हणजे साधारण १८३ नॅनोमीटर. प्रत्येक सांध्यावरून थोडा प्रकाश परततो, सगळ्या लहरी एका तालात जुळतात, आणि तीस-चाळीस थरांत ९९.९ टक्के गाठता येतात. पैसे या मापाचेच लागतात.

हा हिशोब एका तरंगलांबीचा आणि एका कोनाचा असतो. आरसा ४५ अंशांत बसणार असेल तर ऑर्डरमध्ये तसं लिहाच.

इलेक्ट्रॉन बीमने चढवलेले थर सच्छिद्र असू शकतात. खाडीकाठच्या पावसाळी हवेत ओल धरतात आणि परावर्तनाचा पट्टा, म्हणजे आरसा ज्या तरंगलांब्या नीट परतवतो त्या, सरकतो. आयन बीम स्पटरिंगचे (आयनांच्या माऱ्याने पदार्थ उडवून बसवलेले) थर घट्ट असतात, परवडलं तर तेच घ्या.

आणि पुसायला वेस्ट कॉटन नको. लेन्स टिश्यू, शुद्ध आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), एकाच दिशेने एकदाच.