मुलीला दातांचं रिसर्च करायचंय, मग क्लिनिकच्या गाळ्याचं काय करू?

पत्र, थोडक्यात: माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मुलगी बीडीएसची इंटर्नशिप संपवतेय. राजारामपुरीत तिच्या क्लिनिकसाठी गाळा घेऊन ठेवलाय, चेअरचं कोटेशनपण आणलंय. आता ती म्हणते क्लिनिक नको, रिसर्च करायचंय, हिरड्यांवर नाहीतर दात भरायच्या मटेरियलवर. त्यात पाव्हण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की जपानमध्ये दात परत उगवायचं औषध आलंय. म्हणजे डेंटिस्टचा धंदाच संपला का? खरं काय ते सांगा.

उत्तर:

नमस्कार साहेब,

आधी जपानचं उरकून टाकू, कारण हे फॉरवर्ड मलापण चार ग्रुपवर आलंय. औषध आलेलं नाही, चाचणी सुरू झाली. यूसॅग-१ नावाचं एक प्रोटीन दाताची वाढ अडवतं, त्याला रोखणारं इंजेक्शन क्योटोच्या लोकांनी तयार केलं आणि २०२४ मध्ये माणसांवर पहिला टप्पा सुरू झाला, तोही ३० मोठ्या पुरुषांवर आणि मुख्यतः ते सुरक्षित आहे का एवढं बघायला. आधी ज्यांना जन्मतःच दात कमी असतात त्यांच्यासाठी आणायचं असा त्यांचा विचार आहे, तंबाखूनं दात गेलेल्या आपल्या काकांसाठी नाही. आणि समजा उद्या उगवला दात, तरी तो धरून ठेवायला हिरडी आणि हाड चांगलं पाहिजेच की. म्हणजे तुमची मुलगी ज्यात पडायचं म्हणतेय त्याची गरज उलट वाढतेय.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात "क्लिनिक की रिसर्च" असं आहे, आणि माझ्या मते घोळ इथंच आहे. दातांच्या क्षेत्रात चांगला प्रश्न चेअरवर बसलेल्या पेशंटच्या तोंडातून येतो. नुसत्या लॅबमधून आलेले प्रश्न बरेचदा हळदीचं जेल, ग्रीन टीचं माउथवॉश, कोरफडीचं अमुक अशा थिसिसमध्ये संपतात, दरवर्षी तेच, नाव बदलून. (एमडीएस, म्हणजे बीडीएसच्या पुढचं शिक्षण, करणाऱ्या कुणालाही विचारा, हसतील.)

हिरड्यांचं उदाहरण घ्या. ब्रश करताना रक्त येतंय, सूज आहे, इथपर्यंत आजार परतवता येतो. पण खाली उतरून दात धरणारा लिगामेंट आणि हाड खायला लागला की जे गेलं ते आपोआप परत येत नाही. डॉक्टर बारीक खुणा असलेली सळी हिरडीत घालून खोली मोजतात, १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ किंवा त्याच्या पुढं गेलं की लक्ष द्यायचं. आता गंमत बघा, सिगरेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळं माणूस म्हणतो मला काय झालंय, आणि आत हाड चाललेलं असतं. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडं घरोघरी आहेत, शुगरचे पेशंट तर विचारूच नका, आणि शुगर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की शुगर कंट्रोलला येत नाही, हे दोन्ही बाजूंनी चालतं. "क्लीनिंग केलं की दात हलतात" असं म्हणून लोक वर्षानुवर्षं येतच नाहीत, खरं तर हाड आधीच गेलेलं असतं आणि दगडासारखा कीटण दाताला टेकू देऊन बसलेला असतो, तो काढला की हलणं कळतं. कागल-गडहिंग्लजकडची मिश्री लावणारी आणि शुगर असलेली बाई, हिच्या हिरडीचं काय होतं, किती लवकर होतं, तिला काय सांगितलं तर ती ऐकते, हे सगळं रिसर्चच आहे आणि त्यासाठी पेशंट इथंच आहेत.

दुसरा विषय, दात भरायचं मटेरियल, हा तर तुमच्याच लाईनीतला आहे, खरं सांगतो. तुमच्याकडं पावडर कोटिंगच्या आधी जॉबला फॉस्फेटिंग करतात ना, रंग नीट धरावा म्हणून? मायकेल बुओनोकोर नावाच्या डेंटिस्टनं, धातूवर रंग नीट बसावा म्हणून फॉस्फोरिक ॲसिड वापरतात हे बघितलं आणि दातावर लावून पाहिलं, १९५५ मध्ये छापलं. ॲसिडनं इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, बारीक खाचा पडतात आणि रेझीन, म्हणजे फिलिंगचं प्लास्टिकसारखं मटेरियल, त्यात घट्ट बसतं. आज पांढरं फिलिंग जे चिकटतं त्याच्या मुळाशी हे आहे. इनॅमल म्हणजे वजनानं जवळजवळ ९६ टक्के खनिज, आणि ते बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळं झिजलं की शरीर नवं बनवत नाही. त्याच्या खालचं डेंटिन मात्र जिवंत, ओलं, आत कोलॅजन, तिथं चिकटवणं अवघड, काही वर्षांत तो जोड सुटायला लागतो आणि पेशंट म्हणतो डॉक्टरनं फसवलं. हा जोड टिकवायचा कसा, यावर जगभर डोकी लागलीत.

आणि हे तपासतात कसं? काढलेला दात ॲक्रिलिकच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, त्यावर मटेरियल चिकटवायचं, ५ आणि ५५ डिग्रीच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो वेळा बुडवायचं, म्हणजे गरम चहा आणि आइस्क्रीमचा हिशेब झाला, आणि मग युटीएमवर, म्हणजे ताण देऊन ताकद मोजायच्या मशीनवर, लावून जोड किती मेगापास्कलला सुटतो ते बघायचं. तेच युटीएम, ज्यावर फाउंड्रीवाले टेस्ट बार ओढतात. एकदा मुलीला घेऊन शिरोलीतल्या टेस्टिंग लॅबमध्ये जा, जेवताना बोलायला दोघांना विषय मिळेल.

रस्ता काय? बीडीएसनंतर नीट-एमडीएस, मग तीन वर्षं एमडीएस, त्यात थिसिस करावाच लागतो. हिरड्यांसाठी पेरिओ, मटेरियल आणि रूट कॅनलसाठी कॉन्झ-एंडो. पेरिओला एंडो किंवा ऑर्थोइतकी (ऑर्थो म्हणजे दात सरळ करायचं) मारामारी नसते, त्यामुळं सीट मिळायला तुलनेनं सोपी, पण "दुसरं मिळालं नाही म्हणून पेरिओ" असं घेणारे खूप आणि ते तीन वर्षं कुढत काढतात. तिला खरंच आवड असेल तर हीच तिची जमेची बाजू. सरकारी कॉलेजं मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी आहेत, आपल्या जवळ वारणेला आणि सांगलीला खाजगी आहेत, खाजगीत फी लाखांत जाते हे धरून चाला. कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका. गाईडनं गेल्या काही वर्षांत काय छापलंय, पेशंटवरच्या रिसर्चला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी वेळेवर बसते का, आणि पेशंट खरे येतात की कागदावर, हे तिथल्या ज्युनिअर पोरांना चहा पाजून विचारा.

पैशाचं स्पष्ट बोलतो. चालणारं क्लिनिक जे देईल ते रिसर्च लगेच देणार नाही. सरकारी प्रोजेक्टवर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणून लागली तर २०२३ पासूनचा दर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, प्रोजेक्ट संपला की नवा शोधायचा. खाजगी कॉलेजात लेक्चररचे पगार सुरुवातीला असे की तुमचा सीएनसी ऑपरेटरसुद्धा हसेल. म्हणून बहुतेक जण सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लिनिक करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. टूथपेस्ट, सिमेंट, इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांतपण कामं असतात, पण त्यासाठी कोल्हापूर सोडावं लागेल.

तर गाळा विकू नका, आणि चेअरपण आत्ता घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्या, लागेल तसा वाढवत रहा, ती एमडीएस होऊन आली की तिलाच ठरवू दे. कोटेशनवाला "ऑफर संपतेय" म्हणेल, म्हणू दे, चेअरच्या ऑफर कधीच संपत नसतात.

आणि एक, पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. तिला पेशंटच्या हिरड्यांत रस आहे की लॅबमधल्या मटेरियलमध्ये हे तुमच्या पत्रावरून मला कळलं नाही, आणि पेरिओ घ्यायचं की कॉन्झ हे त्यावरच ठरणार आहे.