मूल बरं होणार नाही असं कळल्यावर त्याच्या आईला आधार कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की ताईच्या नऊ वर्षांच्या मुलाचा ब्लड कॅन्सर उलटलाय, डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) नाव काढलं आणि तेव्हापासून ताई धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, मदतीला गेलं तर अंगावर येते. तिला समजवायचं कसं, हा तुमचा प्रश्न. मी पुण्यात असे पेशंट घरी जाऊन बघणाऱ्या टीममध्ये सोशल वर्कर आहे. माझं मत विचाराल तर समजावणं सध्या बाजूला ठेवा. आधी तिच्या रात्रींचं काहीतरी करा.

घरी गेल्यावर मी आईला सगळ्यात आधी विचारते, "काल रात्री सलग किती झोप झाली?" धनकवडीतल्या एका घरी भिंतीवर कालनिर्णय होतं. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, एक लिटर, आणि त्याच्याच खाली त्याच पेनानं मुलाला कळा आल्या त्या वेळा: १२.४०, २.१५, ४.००. सासूबाई मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगत होत्या, "सून फार चिडचिड करते हो, तिला जरा काउन्सेलिंग द्या." आमच्या डॉक्टरांनी ते कॅलेंडर बघितलं. औषध दुखलं की द्यायचं असं चाललं होतं. ते घड्याळाप्रमाणे द्यायला लावलं, आणि मध्येच कळ आली तर काय द्यायचं ते वेगळं लिहून दिलं. पोरगं रात्री झोपायला लागलं, मग बाई झोपली. काउन्सेलिंग त्यानंतर सुरू झालं, आणि तेव्हा ती बोललीसुद्धा.

ताई चिडते कारण पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असंच तिच्या कानात गेलंय. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर निदानापासूनच सुरू होते, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत. आणि घरच्यांना आधार देणं हा तिचाच भाग मानलाय. म्हणजे ताईची झोप, भूक, मन हे टीमचं काम आहे, वेळ उरला तर करायची मेहेरबानी नव्हे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू करणाऱ्या सिसली सॉन्डर्स सांगायच्या की दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं, घरातल्या नात्यांचं, पैशाचं, श्रद्धेचं असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्या आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झाल्या. (आम्हा सोशल वर्कर मंडळींना याचा अंमळ जास्तच अभिमान आहे.)

मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा, विषय निघेल तेव्हा तुम्ही तिथे असाल तर बरं. "सवय लागेल", "हे शेवटचं औषध", असं घरातलं कुणीतरी बोलणारच, आणि आई दोन्हीकडून कात्रीत सापडते: दिलं तरी अपराधी, न दिलं तरी अपराधी. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताबेतानं डोस ठरवून दिलेल्या मॉर्फिननं आयुष्य कमी होत नाही. शौचाला घट्ट होतं, म्हणून त्यासोबत पोट साफ राहायचं औषधही बहुधा देतात. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला तेव्हापासून मॉर्फिन मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय, तरी मान्यता असलेल्या संस्थांकडूनच मिळतं.

आता तिच्या मनाबद्दल. रडणं, देवावर राग, मुलाकडे बघत तासन्‌तास बसून राहणं, हे दुःख आहे. त्याला औषध नको, सोबत हवी. पण मूल शांत झोपलंय, दुसरं कुणी जवळ बसलंय, आणि तरीही तिला झोप येत नाही. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन नाही. "माझ्याच पापामुळे झालं" हे डोक्यातून जात नाही, असं असेल तर सायकिॲट्रिस्टला दाखवा. त्यांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू देऊ नका. "त्याच्यामागे मी तरी कशाला राहू" असं ती म्हणाली तर विषय बदलू नका. "ताई, जीव द्यायचा विचार येतो का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त हे काम मात्र पूर्ण तुमचं. शहाळं घेऊन येणारा प्रत्येक जण "आता कसंय?" विचारतो, आणि ती बिचारी तीच कहाणी पहिल्यापासून सांगते. वर कुणी नाशिकचा वैद्य सुचवतं, कुणी नवस. एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, दर दोन दिवसांनी तुम्हीच चार ओळी टाका, आणि "फोन ताईला नको, मला करा" असं रोखठोक लिहा. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

"काही लागलं तर सांग" हेही म्हणू नका, ती कधीच सांगणार नाही. काम आणि वेळ ठरवून सांगा: मंगळवारी-शुक्रवारी रात्रीची जागरणं भाऊजींकडे, शनिवारी दुपारी मी. आधी ताईसमोर औषध देऊन दाखवा, म्हणजे तिचा विश्वास बसेल. त्या वेळात ती देवळात गेली काय, पार्लरला गेली काय, नुसती पडून राहिली काय, कुणी हिशेब मागायचा नाही. घरात दुसरं मूल असेल तर त्याच्यासोबतही तिला थोडा वेळ मिळू दे. त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याची टोचणी आया पुढे फार वर्षं बाळगतात.

आणि भाच्यालाच विचारा त्याला काय आवडेल. पथ्याच्या नावाखाली पोरांची मिसळ, मित्र, क्रिकेट सगळं बंद होतं. काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या. बऱ्याचदा आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त चालतं. मुलानं चार घास आवडीनं खाल्ले तर त्या दिवशी आईही जेवते, हे मी घराघरांत बघते.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी. उपचाराचे पैसे घेत नाहीत, रुग्णाजवळ घरचं माणूस राहू शकतं, आणि त्यांची टीम घरीही येते. पहिल्या खेपेला ताईला किंवा मुलाला नेऊच नका. तुम्ही आणि भाऊजी फाइल, आत्ता चालू असलेल्या औषधांची यादी आणि मागच्या आठवड्यातल्या रात्री कशा गेल्या याची नोंद घेऊन जा. तिथे बोलताना "आईची झोप होत नाही" हे वाक्य मुलाच्या तक्रारींच्या बरोबरीनं सांगा. घरी आल्यावर ताईला "आम्ही पॅलिएटिव्हला जाऊन आलो" म्हणण्यापेक्षा "रात्रीच्या कळांसाठी एक डॉक्टर भेटलेत, ते घरी येऊन बघतील का ते विचारलंय" असं सांगा. खोटं काहीच नाही त्यात, आणि याला ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही.