‘संरेखन’ की ‘कल’?

रत्नागिरीच्या एका प्राध्यापिकेनं विचारलंय: ‘एनएमआरनं (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत मोजायची पद्धत) प्रथिनांची रचना कशी उलगडतात, यावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहितेय. लिक्विड क्रिस्टलला काय म्हणू? आणि त्यात प्रथिनांचं जे अलाइनमेंट होतं, त्याला संरेखन चालेल का?’

पहिल्याला ‘द्रवस्फटिक’ बिनधास्त लिहा. स्फटिक म्हटलं की डोळ्यांसमोर तुरटीचा खडा येतो, म्हणून शब्द खटकतो. पण ती विसंगती वस्तूतच आहे. १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्सर यांना कोलेस्टेरिल बेन्झोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झालेलं दिसलं आणि १७८.५ अंशांना तेच नितळ झालं. मधल्या गढूळ अवस्थेला ओटो लेमान यांनी ‘वाहते स्फटिक’ म्हटलं. रेणू वाहतात, तरी साधारण एकाच दिशेला लांबट पडून वाहतात. आपला समास नेमकं तेच सांगतो.

‘संरेखन’ मात्र मला इथे नको वाटतं. रेखा आली की रांग आली. प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी प्रथिनं ओळीत उभी राहिली, असं विद्यार्थ्याच्या मनात ठसेल. घडतं ते फार वेगळं.

साध्या पाण्यात प्रथिनाचा रेणू सगळ्या दिशांना सारखाच गडगडत असतो. नायट्रोजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन ही दोन छोटी चुंबकंच. त्यांचा एकमेकांवरचा परिणाम बंध कुठल्या दिशेला आहे यावर ठरतो. पण रेणू सगळीकडे सारखा फिरला की सरासरी शून्य, दिशेची माहिती गेली. उलट रेणू घट्ट बांधून ठेवला तर हाच परिणाम २० हजार हर्ट्झच्या घरात जातो आणि संकेतांचा गुंता होतो. म्हणून पाण्यात विरळ द्रवस्फटिक मिसळतात: मेदरेणूंच्या चकत्या, नाहीतर दोनेक मायक्रॉन लांबीचे काडीसारखे जिवाणुभक्षी विषाणू. ते चुंबकीय क्षेत्रात दिशा धरतात. त्यांच्या गर्दीतून गडगडताना प्रथिन एखाद्या बाजूला किंचित जास्त राहतं, हजारात एखाद्या भागाइतकंच. तेवढ्यानं वीसेक हर्ट्झ उरतात, आणि ते नीट मोजता येतात.

दाभोळच्या जेट्टीवर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत उभी असताना वाशिष्ठीत नांगरलेल्या होड्या मी कितीदा पाहिल्यात. भरतीचं पाणी जोरात आत शिरत असलं की सगळ्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, समुद्राकडे. ते संरेखन. पण ओहोटी संपून भरती नुकती लागत असते तेव्हा प्रत्येक होडी आपल्याच नादात फिरते. एक डोंगराकडे, एक धक्क्याकडे. पाच मिनिटं नजर लावून बसलं तर कळतं, समुद्राकडे जरा जास्त वेळ वळतायत. हा कल. (एनएमआरला नाळ कुठली आणि मागची बाजू कुठली हे कळत नाही, होडी कुठल्या रेषेत आहे एवढंच कळतं. हे टिपणात जरूर सांगा.)

मुलाचा कल गणिताकडे असला म्हणून ते दिवसभर गणितं सोडवत नाही. मतमोजणीतले सुरुवातीचे कल म्हणजे निकाल नव्हे. ‘कल’मध्ये मोकळीक शाबूत राहते आणि झुकावही दिसतो, इथे दोन्ही हवेत. क्रियापद मात्र टाळा. ‘प्रथिनं कलतात’ म्हटलं तर ती कलंडल्यासारखी वाटतील. ‘प्रथिनांना किंचित कल मिळतो’, ‘कल देणारं माध्यम’ असं लिहा. उरलेल्या त्या वीसेक हर्ट्झना (रेसिड्युअल डायपोलर कपलिंग) ‘शेष द्विध्रुवी युग्मन’ म्हणा. ‘अवशिष्ट’ ऐकून कचरा आठवतो.

एवढ्याशा कलासाठी खटाटोप कशाला, हेही विद्यार्थी विचारतील. एरवीच्या मोजमापांतून कळतं ते शेजारपण: कुठले दोन हायड्रोजन साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या आत आहेत. प्रथिनाच्या दोन लांबच्या टोकांचा एकमेकांशी कोन काय, हे त्यातून नीट हाती लागत नाही. कल मिळाला की प्रत्येक बंध एकाच सामाईक चौकटीत मोजता येतो. १९९७ साली निको त्यांद्रा आणि अॅड बाक्स यांनी ७६ अमिनो आम्लांच्या युबिक्विटिन या प्रथिनावर मेदचकत्या वापरून हे करून दाखवलं.

‘संरेखन’ टाकून मात्र देऊ नका. पेशीपटलातली प्रथिनं काचेच्या पट्ट्यांवर थर देऊन खरोखरच एका दिशेत बसवतात आणि घन अवस्थेत मोजतात. तिथे तोच शब्द चपखल आहे. दोन्ही पद्धती टिपणात आल्या, तर दोन्ही शब्द शेजारी येऊ द्या.