पुराच्या नकाशावर घराशेजारी ‘एई, ईएल 38’ लिहिलंय, म्हणजे 38 फूट पाणी येणार का?

नाही हो, घाबरू नका. न्यू जर्सीत रॅरिटन नदीजवळचं घर तुम्ही बघताय, म्हणून तिथलंच सांगते. ‘एई’ म्हणजे पुराचा धोका जास्त असलेला भाग, ‘ईएल’ म्हणजे एलिव्हेशन, उंची. 38 म्हणजे पाण्याची खोली नव्हे. साधारण समुद्रसपाटी धरून ठरवलेल्या पातळीपासून मोजलेली ती पुराच्या पाण्याची उंची. घरालगतची जमीन 36 फुटांवर असेल तर अंगणात दोन फूट पाणी, 40 वर असेल तर जमीन कोरडी.

हा पूर कुठला? कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला. त्याला ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणतात आणि लोक निर्धास्त होतात. पण तो एक टक्का दरवर्षी नव्याने लागतो. 30 वर्षांच्या गृहकर्जात निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता जवळपास 26 टक्के होते.

तेव्हा विक्रेत्याकडे आधी एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराची उंची मोजून दिलेला दाखला, मागा. नसेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घ्या, तो खर्च वाया जात नाही. त्यात दोन आकडे बघा: बेसमेंट धरून सगळ्यात खालच्या मजल्याची उंची आणि घराला टेकलेल्या जमिनीची सगळ्यात कमी उंची. जमीन मुळातच, भराव न घालता, 38 किंवा वर असेल तर फेमाकडे, म्हणजे हे पूरनकाशे काढणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, ‘लोमा’साठी अर्ज करता येतो; लोमा म्हणजे घर या पूरक्षेत्रात नाही असं मान्य करणारं पत्र. मंजूर झाला की अशा भागात गृहकर्ज घेताना असलेली पूरविम्याची सरकारी सक्ती उठते. बँक मात्र तरीही विमा मागू शकते.

बेसमेंटबद्दल कळकळीने सांगते. आपली मंडळी खाली टीव्ही, सोफा, पाहुण्यांची खोली असं सगळं थाटतात. सरकारी पूरविम्यात बेसमेंटमधला बॉयलर, वॉटर हीटर धरतात. सोफा, गालिचा, रंगवलेल्या भिंती यांचे पैसे मिळत नाहीत. आणि नेहमीच्या होमओनर्स विम्यात पूर नसतोच.

‘एक्स’ झोनमधलं, म्हणजे नकाशात पुराचा धोका कमी दाखवलेल्या भागातलं, घर मिळालं तरी विम्याचा विचार करा. 2017 मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनला नकाशातल्या पूरक्षेत्राबाहेरची कितीतरी घरं बुडाली.

न्यू जर्सीत 2024 पासून विक्रेत्याला घराचा पुराचा इतिहास लेखी सांगावा लागतो. तो कागद सही करण्याआधी वाचा, शेजाऱ्यांनाही 2021 च्या आयडा वादळाचं विचारा. विमा कर्जासोबतच घ्या. एरवी तो लागू व्हायला 30 दिवस जातात.